रात्री तीनला वाजणारा शुगर सेन्सर: खोटा आकडा कसा ओळखायचा, खरा कसा सांभाळायचा

रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर, खिडकीत कूलरची घरघर, आणि त्या घरघरीच्या वरताण आवाजात आईचा फोन कोकलतोय. स्क्रीनवर लाल पट्टी आणि आकडा ५८. मी धावत गेलो. आई गाढ झोपेत. हलवून उठवलं तर म्हणाली, "काय रे, पुन्हा वाजून राहिला का तो? मला काही नाही झालं." तोवर मी पेल्यात तीन चमचे साखर विरघळवलीही होती. तिने निमूट प्यायली आणि कूस बदलून झोपली.

आईला मधुमेह आहे. तिच्या दंडावर शुगर सेन्सर लावल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात असं चार वेळा झालं. चारही वेळा साखर पाजली, आणि चारही सकाळी उपाशीपोटी शुगर २४० च्या वर. आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांना ग्राफ दाखवला. रात्री शुगर वारंवार लो होतेय, म्हणजे धोक्याइतकी खाली जातेय, असं त्यात स्वच्छ दिसत होतं, म्हणून रात्रीचं इन्सुलिन कमी करायची गोष्ट निघाली. मी फक्त म्हटलं, चार दिवस द्या, मला एक तपासून पाहायचंय.

मी नागपुरात बावीस वर्षं दवाखान्यांमधले मॉनिटर दुरुस्त करतो. आयसीयूत पहिल्या दिवशी शिकवतात ते हे की अलार्म वाजला तर आधी पेशंट बघा, मग मशीन. घरी स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र मी थेट आकड्यावर उपचार करत सुटलो होतो. माझ्या ओळखीतल्या तीन-चार घरांत अगदी हेच चाललं होतं. एका काकूंच्या मुलाने तर वैतागून अलार्मच बंद करून टाकला होता. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या काकू इन्सुलिनवर आहेत आणि घरात एकट्या झोपतात.

सेन्सर नेमकं काय मोजतो

दंडावरची ती चकती रक्त मोजत नाही. तिच्यातून केसासारखी बारीक, साधारण पाच मिलिमीटरची तार कातडीखाली जाते आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. साखरेशी त्याची क्रिया होते, त्यातून अगदी क्षीण विजेचा प्रवाह तयार होतो, आणि त्या प्रवाहावरून आकडा काढला जातो. तो आकडा ब्लूटूथने फोनवर येतो.

साखर आधी रक्तात येते, मग झिरपत त्या द्रवात. म्हणून सेन्सर रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असताना हा उशीर जाणवत नाही. जेवणानंतर ती झरझर चढत असताना किंवा इन्सुलिननंतर उतरत असताना बोट टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेला आकडा आणि दंडावरच्या सेन्सरचा आकडा जुळणार नाहीत, आणि त्यात दोघांपैकी कुणाचीच चूक नसते. साखर पाजल्यावरही सेन्सर दहा-पंधरा मिनिटं लोच दाखवत राहतो. घाबरून दुसरा पेला पाजला जातो तो इथेच. आमच्याकडच्या सकाळच्या २४० च्या वरच्या आकड्यांमागे हेही एक कारण होतं.

दुसरी गोष्ट पहिल्या दिवसाची. तार आत शिरताना तिथे बारीकशी जखम होते, आणि ती शांत होईपर्यंत आकडे डगमगतात. पहिले २४ तास कुठल्याही सेन्सरवर पूर्ण विसंबू नका. आम्ही आता नवा सेन्सर सकाळी लावतो. म्हणजे डगमगणारे तास बरेचसे दिवसाउजेडी निघून जातात आणि पहिली रात्र येईपर्यंत तो बराच स्थिरावतो. संध्याकाळी लावला की पहिल्याच रात्री जागरण, हे मी तीनदा अनुभवलं.

दबलेला दंड

आता मूळ दुखणं. त्या चार दिवसांत मी आईच्या खाटेशेजारी जमिनीवर गादी टाकून झोपलो. हाताशी वही, पेन, टॉर्च आणि ग्लुकोमीटर. अलार्म वाजला की तिला हलवायच्या आधी टॉर्चच्या उजेडात दोन गोष्टी लिहायच्या: ती कुठल्या कुशीवर आहे आणि सेन्सरचा हात कुठे आहे. मग बोट टोचायचं.

वहीत पाच नोंदी झाल्या. पाचही वेळा आई डाव्या कुशीवर होती, सेन्सर डाव्या दंडावर, आणि दंड अंगाखाली दबलेला. बोटाचे आकडे ११२, १०४, १२६, ९८ आणि ११९. सेन्सर मात्र ६० च्या आतबाहेर.

असं होतं ते दाबामुळे. दंडावर अंगाचा भार आला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. नव्या साखरेचा पुरवठा मंदावतो, आणि तारेभोवती उरलेली साखर पेशी वापरत राहतात. सेन्सर आपल्या जागी खरंच बोलत असतो, कारण तेवढ्या टिचभर जागेत साखर कमी झालेलीच असते. बाकीच्या अंगात ती व्यवस्थित असते.

ग्राफ नीट पाहिला तर ही खोटी घसरण अंगठ्याच्या ठशासारखी ओळखू येते. आमच्या एका रात्रीचे आकडे असे: १:५० ला १२१, २:०५ ला ८४, २:२० ला ५९. मग अर्धा तास तळाशी सपाट. पावणेतीनच्या सुमारास आईने कूस बदलली, आणि ३:०५ ला आकडा परत ११७. साखरेचा कणही न देता. कड्यावरून दगड पडावा तशी घसरण आणि तितकीच सरळ चढण. इन्सुलिनने किंवा गोळीने आलेली खरी लो सहसा उतारावरून येते, तास-दीड तास हळूहळू घसरत, आणि आपोआप अशी टुणकन वर येत नाही. "सहसा" म्हणतोय ते जाणूनबुजून. ग्राफच्या आकारावरून संशय घ्यायचा असतो, निकाल बोट टोचूनच लागतो.

खात्री करायची असेल तर दिवसाही करता येते. जेवणाला तीन तास होऊन गेलेत, शुगर स्थिर आहे, अशा वेळी सेन्सरच्या कुशीवर वीस मिनिटं आडवं व्हायचं. आई दुपारी चारला टीव्हीसमोर तशी पहुडली. सेन्सर १४६ वरून ९१ वर आला, बोटाचा आकडा १४१. आई उठून बसली आणि वीस मिनिटांत सेन्सर पुन्हा १४० च्या घरात. त्यानंतर आमच्या घरात वाद उरला नाही.

उपाय शोधताना एक गोष्ट कळली ती केवळ नागपुरातच कळू शकते. आई डाव्या कुशीवरच का झोपते? कारण कूलर डावीकडच्या खिडकीत आहे आणि तिला तोंडावर वारा लागतो. मार्चमध्ये कूलर लागला तेव्हापासून ती त्या बाजूला वळून झोपते, आणि सेन्सरही आम्ही मार्चमध्येच लावला. मी खाट फिरवली. उशाशी होतं ते पायथ्याशी केलं, त्यामुळे वारा उजवीकडून येऊ लागला. आई आपोआप उजव्या कुशीवर वळली आणि डावा दंड वर राहिला. पाठीमागे एक लोड ठेवला, म्हणजे झोपेत उलटी वळत नाही. पुढच्या चौदा दिवसांत रात्रीचा खोटा अलार्म दोनदा वाजला. आधी तो आठवड्यात चारदा वाजायचा.

ज्यांना दोन्ही कुशींवर झोपायची सवय आहे त्यांनी जागा थोडी बदलून बघावी. दंडाच्या बाहेरच्या अंगाला लावलेला सेन्सर कुशीवर झोपलं की सरळ गादीवर टेकतो. तोच अगदी मागच्या, मऊ भागात, खांदा आणि कोपराच्या मध्यावर लावला तर कमी दबतो. मात्र पोट किंवा मांडी अशा जागी आपल्या मनाने लावू नका. ज्या जागेसाठी कंपनीने तपासणी केली असेल तीच माहितीपत्रकात दिलेली असते, आणि तिथलेच आकडे भरवशाचे.

बोट टोचायचं तर नीट टोचा

एका सेन्सरवर शंका आली की दुसऱ्याने ताडून बघायचं, हा नियम नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. शहरातल्या दुसऱ्या काही केंद्रांवर पारा त्याहून कितीतरी खाली होता, आणि हवामान खात्याने नंतर सेन्सरमधला बिघाड असल्याचं सांगितलं. शेजारच्या आकड्याशी ताडून पाहिल्यावरच तो उघड पडला.

पण ताडून बघायचं मापच चुकीचं असेल तर? संत्र्याच्या हंगामात हे आमच्याकडे घडलं. सेन्सर १३०, बोट २१०. आईने नुकतंच संत्रं सोललं होतं. फळाचा रस बोटावर राहतो, टोचल्यावर तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि ग्लुकोमीटर त्या रसाची साखरही मोजतो. स्पिरिटचा बोळा फिरवून हे जात नाही. नळाखाली साबणाने हात धुवायचा आणि कोरडा करायचा. धुतल्यावर १२८ आले. उलट बाजूचा धोका अधिक मोठा आहे: शुगर खरोखर ६० असताना चिकट बोट ११० दाखवू शकतं, आणि आपण निर्धास्त झोपून जातो.

स्ट्रिपचंही तसंच. डबीचं झाकण उघडं राहिलं तर हवेतल्या दमटपणाने स्ट्रिप खराब होतात, आणि बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. कूलर नसलेल्या आपल्या खोलीत मे महिन्यात भर दुपारी किती असतं ते सांगायला नको. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कूलरच्या थेट ओल्या झोतापासून दूर, झाकण घट्ट लावून ठेवा.

आणि दोन आकडे तंतोतंत जुळावेत ही अपेक्षा सोडा. ग्लुकोमीटरसाठीचं २०१३ चं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम आणि १०० च्या वर १५ टक्के फरक चालवून घेतं. सेन्सरची मुभा त्याहून थोडी जास्त. मी स्वतः ७० ते १०० च्या पट्ट्यात २० पर्यंतचा फरक आणि त्याच्यावर २० टक्क्यांपर्यंतचा फरक मनावर घेत नाही. वारंवार त्याहून जास्त पडला तर सेन्सरवर संशय घेतो.

अलार्म खरा असतो तेव्हा

एवढं सगळं वाचून कुणी रात्रीचा प्रत्येक अलार्म "दबला असेल" म्हणून सोडून दिला तर मी हे लिहून नुकसानच केलं असं होईल. म्हणून आमच्या घरी ठरलेला क्रम सांगतो.

फोन वाजला की आधी माणूस. उठवून बसवायचं, नाव विचारायचं. घाम, थरथर, धडधड, तोंडात बोलणं अडखळणं, उगाच चिडचिड, यातलं एकही दिसलं तर बोट टोचायलाही थांबायचं नाही, लगेच साखर. काहीच नसेल तर हात धुऊन बोट टोचायचं, तेवढ्या वेळात दंडावरचा भारही सुटलेला असतो. पण वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्यांना आणि हृदयाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना लोची लक्षणं जाणवेनाशी होतात. "मला काही नाही झालं" हे आईचं वाक्य म्हणूनच पुरावा धरायचं नाही.

बोटाचा आकडा ७० च्या खाली आला तर साधारण १५ ग्रॅम लगेच भिनणारी साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. संत्रा बर्फी किंवा बिस्किटं नकोत, त्यातल्या तूप-मैद्यामुळे साखर उशिरा भिनते. १५ मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं, सेन्सर बघायचा नाही, तो मागे असतो. अजून ७० च्या आत असेल तर पुन्हा तेवढीच साखर. ५४ च्या खालचा आकडा गंभीर, तो दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

ग्लुकोमीटर हाताशी नाही, स्ट्रिप संपल्यात, आणि सेन्सर लो दाखवतोय? मग तो खरा धरा. तीन चमचे साखरेने एक रात्र शुगर वाढेल. खरी लो सोडून दिली तर काय होतं ते मी आयसीयूत पाहिलंय.

सिग्नल जातो तेव्हा

दुसरं पुन्हा पुन्हा येणारं गाऱ्हाणं म्हणजे सकाळी ग्राफमध्ये पडलेली भोकं. रात्री एक ते चार काहीच नाही, वर सूचना की सेन्सरशी संपर्क तुटला.

इथेही पहिला संशयित तीच कूस. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. सेन्सर अंगाखाली आणि फोन पाठीमागच्या टेबलावर असेल तर मध्ये अख्खा माणूस आडवा आला. म्हणजे एकाच कुशीने दोन बिघाड होतात: आधी आकडा पडतो, मग आकडाच येईनासा होतो. ग्राफमध्ये सरळ घसरण आणि तिच्या टोकाला भोक दिसलं तर मी शंभरातल्या नव्वद वेळा दबलेल्या दंडावर बोट ठेवेन. फोन सेन्सरच्याच बाजूला, उशापासून हातभर अंतरावर ठेवा.

एप्रिलमधली एक गंमत नव्हे, धसका सांगतो. रात्री लाइट गेली, आणि आई तिच्या सवयीने गच्चीवर झोपायला गेली. फोन खाली चार्जिंगला. मध्ये सळ्यांचा स्लॅब. सकाळपर्यंत ना आकडा ना अलार्म, आणि आम्ही खाली निवांत. बहिणीने पुण्याहून सकाळी सहाला फोन करून विचारलं तेव्हा कळलं. आता आई जिथे, फोन तिथे, आणि सोबत पॉवर बँक. काही घरांत चोरीच्या भीतीने फोन लोखंडी कपाटात ठेवतात, तिथेही हीच गत.

फोन जवळ असूनही संपर्क तुटत असेल तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या हुशारीत असतो. स्क्रीन बंद होऊन तास-दोन तास झाले की बरेच अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲप्स गपचूप झोपवतात. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी "अनिर्बंध" करा, आपोआप सुरू व्हायची परवानगी द्या. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर लोकेशन चालू ठेवा, कारण त्यात लोकेशनशिवाय ब्लूटूथचा शोधच होत नाही. आईसारखी माणसं बोट सरकवून सगळी ॲप्स "साफ" करतात, त्यातही हे ॲप बंद पडतं. तिला मी एवढंच सांगितलं की हिरवं चित्र पुसायचं नाही. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की या सगळ्या परवानग्या पुन्हा तपासा, त्या बदललेल्या मला दोनदा सापडल्या.

एक गैरसमज बराच आढळतो. इंटरनेट गेलं म्हणजे सेन्सर बंद, असं नाही. सेन्सर आणि फोनमधलं बोलणं इंटरनेटशिवाय चालतं, अलार्मही वाजतो. अडतं ते फक्त दूरच्या मुलाबाळांना दिसणं. म्हणून "मला पुण्यात दिसतं की" यावर घरातल्या माणसाने निर्धास्त राहू नये. आणि संपर्क परत जुळला की मधले आकडे बरेच सेन्सर मागाहून भरून देतात, आमचा शेवटच्या आठ तासांचे देतो. सकाळी भोक बुजलं म्हणून रात्री अलार्म वाजू शकत होता असा अर्थ काढू नका.

उन्हाळा, घाम आणि गोंद

चौदा दिवसांचा सेन्सर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सहाव्याच दिवशी सुटून हातात आला, तो दिवस आईला चांगलाच लागला. साडेचार हजारांची वस्तू. त्यापेक्षा तिला वाटलं की आपल्याकडूनच काही चुकलं.

चुकलं होतं ते लावताना. ती रोज अंघोळीआधी अंगाला खोबरेल तेल लावते. तेलाचा पातळ थर कातडीवर राहिला की गोंद फक्त तेलाला चिकटतो. आता लावायच्या दिवशी तेल नाही, साध्या साबणाने दंड धुवायचा, मॉइश्चरायझर असलेला साबण नको, मग स्पिरिटने पुसायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. पंख्याखाली दोन मिनिटं बसायचं. कूलरसमोर नको, त्याची हवा ओली असते. लावल्यावर तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायचं, कडा बोटाने फिरवून घ्यायच्या. त्यानंतर निदान तासभर घाम येईल असं काम नको. वरून चिकटवायची गोल पट्टी मिळते, ती उन्हाळ्यात लावावीच, पण सेन्सरला भोक असेल तर ते झाकू नये.

कडा उचलली गेली तर ओढून काढू नका आणि फेविक्विकसारखं काही तर मुळीच नको. उचललेला भाग कात्रीने गोल कापा आणि वरून पट्टी लावा. तार मात्र अर्धवट बाहेर आली असेल तर तो सेन्सर गेला. परत आत ढकलायचा नाही.

गोंदाखाली खाज, लाली, पुरळ येत असेल तर ती केवळ घामोळी असेलच असं नाही. काही सेन्सरच्या गोंदात आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नावाचं रसायन सापडलं आहे, आणि त्याची ॲलर्जी काहींना पक्की होते. दर वेळी चकतीच्या आकाराचाच डाग उठत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

साठवणीचंही बघा. खोक्यावर तापमान छापलेलं असतं, बऱ्याच सेन्सरांची वरची मर्यादा २५ ते ३० अंश. मे महिन्यात पार्सल दुपारभर उन्हात फिरून आलं असेल तर ते किती तापलं कोण जाणे. मी उन्हाळ्याचे सेन्सर फेब्रुवारीतच आणून ठेवतो. स्कूटरच्या डिक्कीत कधीच नाही. इन्सुलिनचीही तीच कथा: उन्हाळ्यात शुगर दिवसच्या दिवस चढीच राहिली तर सेन्सरला दोष देण्याआधी कुपी बदलून बघावी, उष्णतेने इन्सुलिनचा जोर जातो.

गोळ्यांमुळे बदलणारा आकडा

हा भाग विदर्भातल्या घरांनी जरा थांबून वाचावा. आपल्याकडे सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि त्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया घेणारे बरेच आहेत. हे औषध काही सेन्सरांच्या तारेवर स्वतःच क्रिया करतं आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दाखवला जातो. म्हणजे खरी लो झाकली जाते, अलार्म वाजतच नाही. खोट्या अलार्मपेक्षा हे जास्त भयंकर. अशा घरात सेन्सर घेण्याआधी माहितीपत्रकात हायड्रॉक्सीयुरियाचा उल्लेख शोधा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगूनच घ्या. त्यात भर म्हणजे सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची एचबीएवनसी चाचणीही खरी शुगर सांगत नाही. तिथे बोट टोचणं हाच मुख्य आधार राहतो.

व्हिटॅमिन सीच्या रोज ५०० मिलिग्रॅमच्या वरच्या गोळ्यांनीही काही सेन्सर जास्त दाखवतात, आणि पॅरासिटामॉलने काही. संत्रं खाल्ल्याने सेन्सर बिघडेल का, असं आईने विचारलं होतं. एका संत्र्यात त्याच्या दशांश-पंचमांशच व्हिटॅमिन सी असतं, त्यामुळे गोंधळ होत नाही. साखर वाढेल ती संत्र्याचीच.

डॉक्टरांकडे आणि कंपनीकडे जाताना

डॉक्टरांना नुसता ग्राफ दाखवू नका. आमच्या वहीत चार रकाने आहेत: वेळ, सेन्सरचा आकडा, बोटाचा आकडा, कूस. त्या चार दिवसांची वही पाहून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन होतं तेवढंच ठेवलं, आणि रात्रीच्या खोट्या घसरणी सोडून उरलेल्या ग्राफवरून दुपारच्या जेवणाआधीचा डोस बदलला. दुपारी वरणभातानंतर शुगर २८० ला टेकत होती, ते रात्रीच्या गोंधळात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कूस बदलूनही, २४ तास उलटूनही, धुतलेल्या बोटाशी आकडा दिवसातून तीनदा जुळत नसेल तर तो सेन्सर बिघडलेला समजा. काढून लगेच फेकू नका. चकती आणि खोकं जपून ठेवा, खोक्यावरचा लॉट क्रमांक, लावल्याची तारीख, आणि त्याच वेळेचे बोटाचे आकडे दाखवणारे ग्लुकोमीटरचे फोटो काढून ठेवा. बदलून मागताना हेच विचारतात, आणि आम्हाला या उन्हाळ्यात एक सेन्सर असाच बदलून मिळाला. तो परवा सकाळी लावलाय, उजव्या दंडावर. आळीपाळीने हात बदलायचा असतो, म्हणून खाट आज पुन्हा फिरवायची आहे.